सपत्नीक गिरिगामी

पुण्याच्या मध्यमवर्गात गेल्या काही दशकांत स्थिरावलेल्या सामाजिक प्रकारांमध्ये ‘सपत्नीक गिरिगामी’ हा एक ठळक प्रकार असून, शुक्रवारी रात्री बॅग भरणारा, शनिवारी पहाटे पत्नीसह महाबळेश्वर गाठण्यास निघणारा आणि रविवारी रात्री गुडघ्याला बाम चोळत घरी परतणारा पन्नाशीच्या आगेमागेचा गृहस्थ, अशी त्याची ढोबळ व्याख्या करता येईल. ‘सपत्नीक’ हे विशेषण मंगलकार्यांच्या निमंत्रणपत्रिकेतून उचललेले आहे आणि ते येथे चपखल बसते. कारण सत्यनारायणाच्या पूजेत पत्नीने पतीच्या हाताला हात लावून बसायचे असते व संकल्प मात्र पतीने सोडायचा असतो, तशीच या सहलीचीही रीत आहे. सहल ‘तिच्यासाठी’ असते, हे तो निघण्यापूर्वी किमान चार जणांना सांगतो. त्या चार जणांत ती नसते, कारण तिला ते बुकिंग झाल्यावर कळते.

हा गृहस्थ महाबळेश्वरच का निवडतो, याचे कारण निसर्गात शोधण्यापेक्षा अंतरात शोधणे अधिक फलदायी ठरते. पुण्यापासून सुमारे 120 किलोमीटर, म्हणजे टाकी एकदा भरली की जाऊन-येऊन काटा लाल रेघेला टेकत नाही, हा त्याचा पहिला निकष असतो. हवा थंड असणे हा दुसरा. या निवडीला इतिहासाचेही पाठबळ आहे. मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी 1828-29 च्या सुमारास साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांच्या सहकार्याने येथे आरोग्यधाम, म्हणजे उन्हाने व तापाने खंगलेल्या माणसांनी प्रकृती सुधारण्याचे ठिकाण, वसवले आणि त्यावरून वस्तीला माल्कमपेठ हे नाव पडले. पुढे मुंबई सरकारच उन्हाळ्यात येथे मुक्कामाला येऊ लागले. गव्हर्नरसाहेब विश्रांतीला निघाले की त्यांच्यामागून दप्तरे, कारकून आणि शिक्के असा सगळा कारभार घाट चढत असे. सपत्नीक गिरिगामी हा या परंपरेचा थेट वारस म्हणावा लागेल. फरक एवढाच की, त्याचे दप्तर मोबाइलमध्ये मावते आणि कारकुनाचे कामही त्यालाच करावे लागते.

त्याच्या सहलीचा आरंभ स्वयंपाकघरात होतो. गॅसचा रेग्युलेटर बंद केला की नाही, हा प्रश्न पूर्वी खंबाटकी घाटात उद्भवत असे आणि त्यापायी निदान एकदा गाडी वळवून परत यावे लागलेले असते. त्या अनुभवानंतर त्याने एक पद्धत बसवली आहे. निघताना तो बंद रेग्युलेटरचा, गच्चीच्या कुलपाचा, पाण्याच्या मुख्य कॉकचा आणि गाडीच्या किलोमीटरच्या आकड्याचा, अशा क्रमाने फोटो काढतो. परिणामी त्याच्या मोबाइलमधील कोणत्याही सहलीचा संग्रह उघडला तरी सुरुवातीला गॅसचे चार-पाच फोटो लागतात आणि पत्नी साधारणपणे अकराव्या फोटोत, तीही सेफ्टी बेल्टच्या मागे, दृष्टीस पडते. तिकडे पत्नीनेही आपली तयारी केलेली असते. दशम्या, दाण्याची चटणी, चिवडा, क्रोसीन, ओव्याची पुरचुंडी आणि ‘तिथे थंडी असते’ म्हणून घेतलेली शाल ही सामग्री तिच्या मांडीवरच्या पिशवीत असते. ‘अहो, नाश्ता त्यांच्याकडे फुकट आहे ना?’ असे ती विचारते आणि ‘फुकट नाही, त्यात धरलेला आहे,’ असे तो दुरुस्त करतो. त्याच्या लेखी विश्वात फुकट असे काहीच नाही. जे आहे ते कशात तरी धरलेले आहे.

पहाटे पाचला निघायचे ठरलेले असते आणि पावणेसहाला निघाल्यामुळे पुढची पंचेचाळीस मिनिटे पहिल्या पंचेचाळीस मिनिटांच्या चर्चेत जातात. खंबाटकी उतरून सुरूर फाट्याला गाडी वाईकडे वळली की पत्नीला ढोल्या गणपतीची आठवण होते. कृष्णेच्या घाटावरचे हे देऊळ रस्त्यापासून लांब नाही, पण गृहस्थाच्या वेळापत्रकात ते नसते. ‘परत येताना जाऊ’ असे तो म्हणतो. येथे ‘परत येताना’ या संज्ञेचा खुलासा करणे आवश्यक आहे. व्यवहारात तिचा अर्थ परतीच्या प्रवासातील एखादी वेळ असा होत असला, तरी गिरिगामीच्या परिभाषेत ती एक नम्र नकारवाचक संज्ञा आहे. पत्नीला हा अर्थ सव्वीस वर्षांच्या संसारातून ठाऊक असल्याने, ती गाडीतूनच कळसाच्या अंदाजाने हात जोडते आणि तोवर गाडी पसरणीच्या घाटाला लागलेली असते.

हॉटेलात त्याने ‘व्हॅली व्ह्यू’ खोली घेतलेली असते. व्हॅली व्ह्यू म्हणजे जिच्या खिडकीतून दरी दिसते व त्या दिसण्याचे भाडे वेगळे आकारले जाते अशी खोली. दाराच्या मागे मात्र ‘माकडांपासून सावध राहा, खिडक्या बंद ठेवा’ अशी सूचना चिकटवलेली असते आणि ती वाचून गृहस्थ पहिल्या पाच मिनिटांतच खिडकीला कडी घालून पडदा ओढून घेतो. अशा रीतीने जादा भाड्याची दरी पडद्यामागे सुरक्षित राहते. नंतरचा अर्धा तास तो गिझर, पंखा, टीव्हीचा रिमोट आणि गरम पाण्याची वेळ यांची तपासणी करण्यात घालवतो. चहाच्या पुड्या दोनऐवजी चार मागवून घेतो. साबणाच्या वड्या आणि शाम्पूच्या बाटल्या टॉयलेटच्या पाऊचमध्ये ठेवतो आणि उद्या नवीन मिळतील याची खात्री करतो. पत्नी या वेळात पडद्याची एक कड बोटभर सरकवून बाहेर बघत असते. कठड्यावर एक माकडीण पिलाच्या डोक्यातल्या उवा वेचत बसलेली असते आणि हे दृश्य कोणत्याही दरपत्रकात नसल्याने ती ते बराच वेळ पाहते.

यानंतर ‘पॉइंट’ येतात. पॉइंट म्हणजे डोंगर जिथे संपतो, कठडा जिथे सुरू होतो आणि भाजलेले कणीस जिथे मिळते ते स्थान. महाबळेश्वरचे पॉइंट बहुतांशी इंग्रज अधिकाऱ्यांची आणि त्यांच्या आप्तांची नावे मिरवतात. लॉडविक हा 1824 मध्ये डोंगर चढून येणारा लष्करी अधिकारी, एल्फिन्स्टन हा माल्कमच्या आधीचा गव्हर्नर, केट ही माल्कमची मुलगी. आणि गावातल्या सर्वांत उंच, 1,439 मीटरवरच्या सिंदोळ्याच्या टेकडीलाही विल्सनचे नाव चिकटले आहे. गिरिगामीला या मंडळींविषयी ममत्व नसते, परंतु त्यांची संख्या त्याला महत्त्वाची वाटते. टॅक्सीवाल्यांच्या फलकावर एका फेरीत अमुक पॉइंट, असे लिहिलेले असते; तो फलक तो वाचतो, मोबाइलमध्ये टिपतो आणि ‘एवढे तर आपण आपल्या गाडीने करू’ असे म्हणून टॅक्सी नाकारतो. पुढे प्रत्येक पॉइंटला गाडी लावायला जागा शोधण्यात जो वेळ जातो तो पॉइंट पाहण्याच्या वेळेतून वजा करावा लागतो, आणि ही वजाबाकी दिवसाअखेर इतकी वाढते की काही पॉइंट केवळ काचेतून ‘झाले’ असे धरावे लागतात. ‘झाले’ हे क्रियापद लक्षात घेण्यासारखे आहे. जेवण होते, पूजा होते, किराणा भरून होतो, तसा त्याचा निसर्गही होतो.

आर्थर सीटला मात्र तो रमतो, कारण तेथे एक प्रयोग करता येतो. खालच्या दरीतून चढणारा वारा एवढा जोरकस असतो की बाटलीचे टोपण किंवा वाळके पान कठड्यावरून खाली टाकले तरी ते पुन्हा वर उडून येते. गिरिगामी एका पानावर थांबत नाही. तो टोपण, पान आणि पार्किंगची पावती या तिघांची तुलना करतो. पावती परत येत नाही. बाहेर पडताना फाटकावरचा मुलगा नेमकी तीच मागतो आणि नंतरची काही मिनिटे वायुगतिशास्त्र हा विषय बाजूला पडतो.

पत्नीची मागणी या सबंध दौऱ्यात एकच असते, ती म्हणजे जुन्या महाबळेश्वराला कृष्णाबाईच्या देवळात थोडे बसायचे. कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री अशा पाच नद्यांचे पाणी जेथे एका गोमुखातून पडते, त्या पंचगंगेच्या देवळात गर्दी असते. गृहस्थ तेथे बाटली भरून घेतो व काम झाले असे समजतो. कृष्णाबाईचे देऊळ थोडे बाजूला आहे, शेवाळलेल्या काळ्या दगडाचे, समोर थेट कृष्णेचे खोरे, आणि तेथे फारसे कोणी फिरकत नाही. ती पायरीवर चपला काढून बसते, पाय लांब करते आणि काहीही करत नाही. तो दहा मिनिटे दगडाचा सांधा पाहतो, मोबाइलला रेंज आहे का ते पाहतो, गाडी कोणी घासली नाही ना ते पाहून येतो आणि मग विचारतो, ‘अगं, काय बघतेस?’ ‘काही नाही,’ ती म्हणते. हे उत्तर शब्दशः खरे असते. पण ज्याचा हिशेब मांडता येत नाही ते त्याला संशयास्पद वाटत असल्याने, तिचे पाय दुखत असावेत असा निष्कर्ष काढून तो गाडीतून बाम आणून देतो. ती तो न बोलता गुडघ्याला लावते. दुखत नसलेल्या गुडघ्याला बाम लावून घेणे ही वैवाहिक जीवनातली बरीच पुढची पायरी आहे, एवढे येथे नोंदवून ठेवण्यास हरकत नाही.

सूर्यास्ताविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. मुंबई पॉइंटला दोनशे मोबाइल हवेत असतात, सूर्य धुक्याच्या पट्ट्यात शिरून क्षितिजाच्या बराच वर असतानाच नाहीसा होतो, आणि गृहस्थ घड्याळात पाहून तो दिलेल्या वेळेपूर्वी गेल्याची तक्रार करतो.

रविवारी चेक-आउट, म्हणजे खोली रिकामी करण्याची वेळ, अकराची असते. म्हणून नाश्ता दहा वाजून पंचवीस मिनिटांपर्यंत चालवला जातो आणि दुपारचे जेवण त्यातच ‘धरले’ जाते. कागदी रुमालात गुंडाळलेली दोन उकडलेली अंडी पत्नीच्या पर्समध्ये दशम्यांशेजारी विसावतात. मग बाजार. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला 2010 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, म्हणजे या नावावर या मातीचा हक्क कायद्याने मान्य झाला, ही माहिती तो विक्रेत्याला सांगतो आणि मग त्याच फळाचा भाव पाडून मागतो. खालच्या थरातली फळे लहान निघतात हा पूर्वानुभव असल्याने तो खोके उपडे करून बघू म्हणतो, विक्रेता नाही म्हणतो, आणि शेवटी पत्नी मधे पडून दोन खोकी घेते: एक समोरच्या कुलकर्ण्यांना, एक वरच्या मजल्यावर. स्वतःसाठी घेतलेली नसते. चणे मात्र तीन प्रकारचे, अर्धा-अर्धा किलो.

परतीला खंबाटकीचा बोगदा ओलांडेपर्यंत सर्व सुरळीत असते. खेड-शिवापूरच्या टोलनाक्याअलीकडे गाड्यांची रांग लागते आणि साताऱ्याकडून पुण्याला निघालेला अवघा शनिवार-रविवार त्या रांगेत येऊन उभा राहतो. पहिली वीस मिनिटे गृहस्थ लेन बदलतो. नंतर बदलायला लेन उरत नाही, मोबाइलची बॅटरी संपते, करण्यासारखे काहीच राहत नाही, आणि तो इंजिन बंद करतो. काच खाली केली की बाहेर थंडी आहे असे त्याला प्रथमच जाणवते. पत्नी मांडीवरची शाल अर्धी त्याच्या बाजूला सरकवते. ती मुलाच्या लहानपणी एसटीने केलेल्या महाबळेश्वरच्या खेपेची गोष्ट काढते, वेण्णा तलावात होडी भोवऱ्यासारखी फिरत राहिली आणि वल्ही यांच्या हातात होती ती. तो वल्ह्यांतच दोष होता हे नव्याने सिद्ध करतो, आणि दोघेही हसतात. बोलता बोलता ती मागच्या सीटवरून कुलकर्ण्यांचे खोके पुढे घेते. वरचा थर नाक्याच्या फलकापाशी संपतो. खालच्या थरातली फळे लहान निघतात, पण गोड असतात, हे तो मान्य करतो आणि दुसऱ्या खोक्याची दोरी स्वतः सोडतो.

सोमवारी सकाळी कुलकर्ण्यांकडे चणे जातात.