मूळ गोष्टीत असं नव्हतं

कोथरूडची माणसं सिनेमा बघत नाहीत, तपासतात. त्यातून आमची मावशी बरोबर असली की फक्त लाल पेन तेवढं कमी. ही बाई दर वर्षी पिफ या पुण्याच्या चित्रपट महोत्सवाचा पास काढते आणि सिटी प्राइडच्या बाहेर रांगेतल्या अनोळखी माणसाशी इराणी सिनेमावरून वाद घालते. मार्च २०२५ मध्ये डिस्नेचा नवा ‘स्नो व्हाइट’ लागला, तेव्हा दुसरीतल्या भाचीला दाखवायचा होता. मावशी म्हणाली, “चला, बघू तरी काय करून ठेवलंय.” म्हणजे निकाल आधीच लागला होता.

पहिली हरकत दिवे मालवल्या मालवल्या आली. या सिनेमात राजकन्येचं नाव स्नो व्हाइट का, तर ती बर्फाच्या वादळात जन्मली म्हणून. “बर्फासारखी गोरी म्हणून हिमगौरी!” मावशी कुजबुजली. तिची कुजबुज दोन रांगा पुढपर्यंत पोचते. “मी पानशेतच्या पुरात जन्मले. माझं नाव काय पूरबाई ठेवलं?”

पुढे राजपुत्राचा पत्ताच नाही. त्याच्या जागी जोनाथन नावाचा बंडखोर. तोही पहिल्यांदा भेटतो तो राजवाड्यातले बटाटे चोरताना. “स्थळ बघा,” मावशी म्हणाली. सात बुटके कॉम्प्युटरवर केलेले होते, त्यांच्याबद्दल ती काहीच बोलली नाही. तिच्या मौनाला आम्ही घरचे जास्त घाबरतो.

गॅल गडॉटची राणी मात्र तिने मनावर घेतली. “दिसायला छान आहे गं, पण वाईटपणात दम नाही. चेटकीण म्हणजे आपली चिंची!” रत्नाकर मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’तली चिंची आधी दिलीप प्रभावळकरांनी केली, २०१८ मध्ये वैभव मांगलेंनी. तिला लहानपणी कुणी दुखावलं होतं का, हे मतकरींना कुणी विचारलं नाही, आणि नाटकाला आलेली पोरंही विचारत नाहीत. ती आली की पोरं आनंदाने किंचाळतात. हॉलिवूडला मात्र हल्ली दुष्ट बाईची केस-हिस्टरी लागते. २०१४ च्या ‘मॅलेफिसंट’मध्ये तिचे पंखच कापून नेलेले, मग बिचारी शाप नाही देणार तर काय करणार! मला विचाराल तर गोष्टीत एक तरी माणूस विनाकारण वाईट असावा. सोसायटीच्या वार्षिक सभेत असतोच की.

मग जोनाथन निपचित पडलेल्या स्नो व्हाइटवर वाकला, आणि मावशीचा तळहात भाचीच्या डोळ्यांवर आला.

“मामा, आजी बघू देत नाहीये!”

“बघण्यासारखं नाहीये काही. मूळ गोष्टीत असलं नव्हतंच. पेटी नेणाऱ्यांना ठेच लागली, हिसका बसला, घशातला सफरचंदाचा तुकडा बाहेर उडाला आणि पोरगी उठून बसली.”

ही आजोळची, सोवळ्यातली आवृत्ती असणार असं कुणालाही वाटेल. पण ग्रिम बंधूंच्या पुस्तकात अगदी हेच आहे. पेटी वाहणारे अडखळतात आणि तुकडा पडतो. चुंबन जगभर पोचवलं ते डिस्नेच्या १९३७ च्या सिनेमाने. थोडक्यात, सदाशिव पेठेची लाज आणि जर्मन संहिता, दोन्ही एकाच जागी येऊन थांबली होती. हे मी मावशीला सांगितलं नसतं तर बरं. कर्वे पुतळ्याजवळ चहा पिताना सांगितलं, आणि ती अशी काही फुलली की मला दुसरा मुद्दा काढावाच लागला.

“पण मावशी, १८१२ च्या पहिल्या आवृत्तीत ती सावत्र आई नव्हतीच. सख्खी होती. १८१९ च्या आवृत्तीत ग्रिमांनी तिला सावत्र केलं.”

मावशीने कप खाली ठेवला. “सख्खी आई पोरीला मारायला निघेल? काहीतरीच.”

“अगं, तेच मूळ आहे.”

“मग मूळच चुकीचं आहे.”

भाचीला या वादाशी काही देणंघेणं नव्हतं. तिला राणीचं शेवटी काय होतं तेवढंच हवं होतं. ग्रिमांच्या गोष्टीत राणीला तापवून लाल केलेले लोखंडी बूट घालून मरेपर्यंत नाचवतात. मी हे जरा दबकत सांगितलं. भाचीचे डोळे चमकले. “हे सिनेमात का नाही दाखवलं?” तिने विचारलं, आणि उत्तरादाखल मावशीने माझ्याकडे असं पाहिलं की मी मुकाट्याने क्रीमरोल मागवला.

संध्याकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये भाची मैत्रिणींना गोष्ट सांगत होती. तिच्या गोष्टीत राणी म्हातारीचं सोंग घेऊन येते, तेव्हा वॉचमन तिला गेटवरच अडवून वहीत नाव लिहायला लावतो. मग ती डिलिव्हरीवाल्याचं जॅकेट घालून लिफ्टने वर जाते. हिमगौरी हुशार असते, ती आधी ओटीपी विचारते. राणी तो आरशाला विचारून बरोब्बर सांगते.

वरून गॅलरीतून मावशी हे सगळं ऐकत होती. बुटक्यांचा पत्ता नाही, जंगल नाही, राजवाडा म्हणजे बी विंगचा सहावा मजला. आता हरकत येणार म्हणून मी वाट बघत होतो. मावशी कठड्यावरून वाकली आणि ओरडली, “सफरचंद धुऊन घेतलं का गं तिने?”