५१२ केबीचा खोत

मालवणच्या बाजारपेठेत, कुडाळच्या पानबाजारात किंवा कणकवलीच्या स्टँडसमोर झेरॉक्स, मोबाइल रिचार्ज आणि सातबाराचा उतारा एकाच काउंटरवर देणारं एखादं दुकान असतंच. काउंटरमागचा पस्तिशी-चाळिशीतला गृहस्थ गिऱ्हाइकाचा सर्व्हे नंबर टाइप करता करता स्क्रीनच्या कोपऱ्यात दुसरंच काही न्याहाळत असेल, आणि ते क्रिकेटही नसेल, शेअर बाजारही नसेल, तर तो बायोसवाला आहे असं खुशाल समजावं. कोपऱ्यात बत्तीस अक्षर-आकड्यांची एक रांग असते आणि तिच्याखाली तशीच दुसरी. दोन्ही रांगा शेवटच्या अक्षरापर्यंत जुळल्या की त्याच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरतं, ते कोकणी माणसाच्या चेहऱ्यावर एरवी फक्त भाऊबंदकीचा दावा जिंकल्यावर दिसतं. हा माणूस जुन्या व्हिडिओ गेमच्या यंत्रांचे बायोस जमवतो. खेळ नव्हेत. खेळ जमवणारे गल्लोगल्ली आहेत आणि त्यांना तो मनातून फार कमी लेखतो. लोक त्याला हसतात ते योग्यच आहे, पण हसतात ते चुकीच्या गोष्टीला. त्याची हौस विनोदी आहे. त्याची शिस्त मात्र आपल्या जिल्ह्याला फार उपयोगी पडेल.

बायोस म्हणजे काय, हे तो कुणी न विचारताही समजावून सांगतो. दशावतारी नाटकात मूळ आख्यानाआधी आडदशावतार होतो. गणपती येतो, रिद्धी-सिद्धी येतात, संकासुर येऊन लोकांना हसवून जातो आणि मग कुठे राजे-राक्षसांची जुंपते. प्लेस्टेशनचं बटण दाबलं की असंच होतं. आतल्या पट्टीवर डाग देऊन बसवलेली एक चिप आधी यंत्राचे सगळे भाग जागे करते, कंपनीचं चिन्ह आणि तो घुमणारा आवाज सोडते, तबकडी अस्सल आहे का, आपल्याच मुलखाची आहे का ते तपासते आणि मग खेळाला रंगमंच मोकळा करून देते. या चिपेतला सगळा मजकूर ५१२ केबी, म्हणजे ५,२४,२८८ बाइट. सकाळी सकाळी येणारा गुलाबाच्या फुलाचा शुभेच्छा-फोटो याहून मोठा असू शकतो. पण जपानात डिसेंबर १९९४ मध्ये आलेल्या एससीपीएच-१००० या मॉडेलचा बायोस निराळा, अमेरिकेच्या १००१ चा निराळा, युरोपच्या १००२ चा निराळा, पुढच्या ५५०० च्या मालिकेचे आणखी निराळे. बायोसवाल्याकडे हे सगळे असतात आणि प्रत्येकाच्या तीन प्रती असतात. एक दुकानातल्या कॉम्प्युटरवर, एक सिलिका जेलच्या पुड्यांसकट फणसपोळीच्या रिकाम्या डब्यात आणि एक डोंबिवलीच्या चुलतभावाकडे. आपण काय सांभाळतोय याची त्या भावाला कल्पना नसते. गंमत एवढीच, की वर्षानुवर्षं आडदशावतार गोळा करणारा हा रसिक आख्यानाला कधी बसत नाही. त्याच्या आईचा प्रश्न तीन शब्दांचा असतो, ‘झिला, खेळतंस कधी?’ त्यावर तो जे सांगतो त्यात जपान, अमेरिका आणि युरोप येतात, उत्तर येत नाही.

आईच्या प्रश्नातला आक्षेप मात्र गंभीर आहे. जे वापरायचं नाही ते राखायचं कशाला? याचं उत्तर शोधायला टोकियोला जावं लागत नाही, सावंतवाडीला गेलं की पुरतं. तिथली दशावतारी गंजिफा म्हणजे १२० गोल पत्ते: दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, वजीर आणि एक ते दहा. ही कला विझायला आली होती. शिवरामराजे भोसले आणि सत्वशीलादेवी यांनी चिताऱ्यांना राजवाड्यात बसवून ती पुन्हा उभी केली, म्हणून आज पर्यटक पत्त्यांचा जोड विकत घेऊ शकतो. घेतो आणि दिवाणखान्यात लावतो. पाच रंगांत दश्शी मोठी आणि उरलेल्या पाचांत एक्का मोठा, दिवसा खेळ रामाने सुरू व्हायचा आणि रात्री कृष्णाने, हे त्याला कुणी सांगत नाही. आणि ते ठाऊक नसेल तर हातातले पत्ते म्हणजे नुसत्या रंगवलेल्या चकत्या. खेळाची चित्रं टिकली म्हणजे खेळ टिकला असं होत नाही. सुरुवात कुठून आणि कशी करायची, ती वाट वेगळी राखावी लागते. बायोसवाला नेमकी तीच वाट राखतो. हैदराबादेत तयार झालेला ‘हनुमान: बॉय वॉरियर’ हा खेळ २००९ मध्ये प्लेस्टेशन २ साठी निघाला. ते यंत्र बनवणं सोनीने जानेवारी २०१३ मध्ये थांबवलं. आज तो खेळ संगणकावर लावायचा तर पीसीएसएक्स२ नावाचं सॉफ्टवेअर आधी प्लेस्टेशन २ चा ४ एमबीचा बायोस मागतं आणि तो मिळेपर्यंत जागचं हलत नाही. म्हणजे आपल्या हनुमंतालासुद्धा उड्डाणासाठी जपानी परवाना लागतो. तेव्हा बायोस राखणं हे रिकामटेकड्याचं काम आहे, असं म्हणणाऱ्याने हनुमान कसा लावणार तेही सांगावं.

दुसरा आक्षेप चोरीचा. बायोस ही कंपनीची मालमत्ता, आणि हा इसम ती डब्यात भरून ठेवतो. इथे बायोसवाला छाती पुढे काढून कॉपीराइट कायदा १९५७, कलम ५२ म्हणून दाखवतो. संगणक-प्रणालीच्या कायदेशीर धारकाला, ती नष्ट होण्याच्या किंवा बिघडण्याच्या भीतीने, मूळ कामापुरती राखीव प्रत काढायची मुभा त्यात आहे. अमेरिकेतला खटलाही त्याला पाठ असतो. सोनीने कनेक्टिक्स कंपनीवर दावा लावला आणि २००० साली तिथल्या अपील न्यायालयाने म्हटलं, की प्लेस्टेशनचे खेळ चालवणारं स्वतःचं सॉफ्टवेअर घडवण्यासाठी बायोसची प्रत काढून अभ्यासणं हा रास्त वापर आहे. दोन्ही दाखले खरे आहेत आणि दोन्ही त्याच्या फारसे कामाचे नाहीत. कनेक्टिक्सने अभ्यास करून स्वतःचं काही घडवलं होतं. याने डबा घडवला. आणि कायद्यातला शब्द ‘धारक’ आहे, ‘डाउनलोडक’ नव्हे. आपल्या मालकीच्या यंत्रातून स्वतः उतरवलेली प्रत ही एक गोष्ट, जगभरच्या यंत्रांच्या प्रती आयत्या उचलणं ही दुसरी. याच्याकडे मालकीचं असतं एक जुनं प्लेस्टेशन, तेही झाकण तुटलेलं. सातबाऱ्यावर नाव एका हिश्श्याला, कब्जा मात्र अख्ख्या वाडीवर, अशी ही खोती आहे. खेळांच्या जतनासाठी कायदा सैल व्हायला हवा, हे मला मान्य आहे. अमेरिकेत २०२३ मध्ये झालेल्या एका पाहणीत तिथे २०१० पूर्वी निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के आज सरळ विकत मिळतच नाहीत असं दिसलं. कंपन्या विकत नाहीत आणि उतरवूही देत नाहीत, हे फार दिवस चालणार नाही. पण तोवर कलम ५२ पाठ म्हणणाऱ्याने ते पुरतं वाचावं.

तिसरा आक्षेप सगळ्यात शहाणा वाटतो: हे सगळं कुणीतरी केव्हाच जपून ठेवलंय, याने आणखी एक प्रत ठेवून काय मोठं होणार? ‘कुणीतरी’ या माणसावर किती विसंबावं, याचा दाखला गेम बॉय देतो. १९८९ साली आलेलं हे हातातलं यंत्र कोट्यवधींनी खपलं. त्याचा सुरुवातीचा मजकूर अवघा २५६ बाइटचा. पण तो मजकूर आपलं काम उरकलं की स्वतःला कुलूप घालून घेतो, मग खेळाला काय की बाहेरच्याला काय, तो वाचता येत नाही. चौदा वर्षं कुणाकडेच त्याची खरी प्रत नव्हती. अखेर २००३ मध्ये एका हौशी माणसाने चिपेचं कवच काढलं आणि सूक्ष्मदर्शकाखाली तिच्यातले २,०४८ ठिपके, हे शून्य, हे एक, असे वाचून काढले. तेव्हा ‘असेलच कुणाकडे’ या समजुतीला बायोसवाला मान देत नाही, ते बरोबरच आहे. हातात आलेली फाइल अस्सल आहे का हे तो तिच्या मजकुरावरून गणिताने काढलेली ती बत्तीस अक्षर-आकड्यांची रांग ताडून ठरवतो, नावावर जात नाही. एक बिट जरी फिरला तरी रांग साफ निराळी येते आणि मग ती फाइल, कुणीही दिलेली असो, बाद. आपल्याकडे देवस्थानच्या जमिनीपासून किल्ल्याच्या इतिहासापर्यंत सगळं ऐकीव असताना हा कडवेपणा दुर्मीळ आहे. दोष एवढाच, की तो जिथे खर्च होतो तिथलं काम आधीच संपलंय. १००१ चा बायोस हजारो ठिकाणी सुखरूप आहे. फणसपोळीच्या डब्यावाचून त्याचं काही अडत नाही.

आणि ज्याचं अडलंय ते त्याच्याच घराच्या माळ्यावर आहे. १९९५ मध्ये शॉ वॉलेस कंपनीने सेगाचं मेगा ड्राइव्ह हे गेमचं यंत्र भारतात आणलं, किंमत १८,००० रुपये. एवढ्या पैशात तेव्हा कोकणातल्या घरावर नवे कोने-वासे चढले असते. त्यामुळे मुंबईच्या चाकरमान्याने मे महिन्यात पोरांसाठी आणला तो ‘व्हिडिओ गेम’ म्हणजे सामुराई, मीडिया, लिटल मास्टर अशा नावांचा, निंटेंडोच्या १९८३ च्या फॅमिकॉमची नक्कल असलेला डबा. त्याच्याच कॅसेटींवर इथली एक पिढी मारिओ आणि काँट्रा खेळली. पण फॅमिकॉमला बायोसच नाही! चालू केलं की प्रोसेसर थेट कॅसेटमधल्या पत्त्यावर जातो आणि खेळ सुरू. आडदशावतार नाही, एकदम आख्यान. बायोस नाही म्हणून बायोसवाल्याच्या लेखी ते यंत्रच नाही, आणि ते माळ्यावर पितळेच्या फुटक्या समईशेजारी पडून असतं. वास्तविक बेवारस आहेत त्या याच कॅसेटी. लेबलावर ‘९९,९९,९९९ इन १’, आत मोजके खेळ, तेच पुन्हा पुन्हा निराळ्या नावांनी आणि निराळ्या लेव्हलपासून. चिपेवर काळ्या रसायनाचा थेंब, बनवणाऱ्याचं नाव नाही, साल नाही. कुठल्या कॅसेटीत काय होतं, याची पुरी यादी बनवणाऱ्यानेही ठेवलेली नाही. त्यात खारा वारा आणि चार महिन्यांचा पाऊस. तांब्याच्या पट्ट्या हिरव्या पडतात, आणि कॅसेट चालेना की फुंकर मारायची आपली जुनी खोड त्या ओलीत भरच घालते. खोडरबराने हलकेच पट्टी घासून, स्पिरिटचा बोळा फिरवून, रीडरला लावून मजकूर उतरवणं आणि दोनदा उतरवून आकडा ताडणं, हे सगळं जिल्ह्यात कुणाला येत असेल तर ते बायोसवाल्याला येतं.

त्याला हे पटवणं सोपं नाही, कारण या कॅसेटींची रांग ताडून बघायला जगात बहुधा दुसऱ्या कुणाची रांगच नसते आणि त्यामुळे जिंकल्याचं समाधान मिळत नाही. तरी गळ घालावी. यंदा चतुर्थीला घर झाडताना माळ्यावरची पिवळी पडलेली कॅसेट भंगारवाल्याच्या पोत्यात टाकू नका. फुंकर न मारता ती तुमच्या भागातल्या बायोसवाल्याच्या हातात द्या, आणि ती घरात कुणी, कुठून, साधारण कोणत्या साली आणली होती, एवढं एका चिठ्ठीवर लिहून सोबत द्या. मजकूर तो उतरवेल. चिठ्ठी मात्र तुम्हालाच लिहावी लागेल.