पहिली पंगत

धुळ्याच्या देवपुरात विमानं रोज दिसतात, बसायला मिळत नाही. पलीकडेच गोंदूरची धावपट्टी आहे आणि तिथं बॉम्बे फ्लाइंग क्लबची पोरं विमान चालवायला शिकतात. जे. आर. डी. टाटा ज्या क्लबात शिकले आणि 1929 च्या फेब्रुवारीत देशातला पहिला वैमानिक परवाना घेऊन बाहेर पडले, तोच हा क्लब. टाटा मुंबईवर उडाले, आताची पोरं आमच्या डोक्यावर उडतात. उन्हाळ्यात गच्चीवर बिबडे वाळत असतात, त्यांच्यावरून एखादं पिटुकलं विमान घरघरत वळण घेतं. बिबडे राखणारी बाई मान वर करत नाही. तिचं लक्ष कावळ्यावर.

मान वर करणारा आमच्या कॉलनीत माणूस एकच, बापू.

बापूंचं आग्रा रोडवर पाइप आणि मोटारपंपांचं दुकान आहे. आता दुकान मुलगा बघतो आणि बापू मुलाकडे बघतात. माणूस काटकसरी. चपलेचा अंगठा तुटला तर चांभाराशी दोन रुपयांसाठी अर्धा तास बोलणारा. असा हा माणूस महिन्या-दीड महिन्यानं खांद्याला काळी पिशवी अडकवून वाडीभोकर रोडनं निघतो. कोपऱ्यावरचा भाजीवाला हटकून विचारतो, “कथा चालनात बापू?”

“दिल्ली.”

“काय काम काढं?”

“काम काही नाही. जाऊन येतो.”

लोक एकवीरेला जाऊन येतात तसे बापू दिल्लीला जाऊन येतात. फरक एवढाच, की एकवीरेला गेलेला माणूस निदान देवीचं तोंड बघून येतो. बापू दिल्लीत उतरतात, दिल्ली न बघता वर चढतात आणि तिसऱ्या दिवशी सकाळी दाढी वाढलेल्या, तृप्त चेहऱ्यानं घरी येतात. येताना दिल्लीचं काहीही आणत नाहीत. पॉइंट आणतात.

हे खूळ डोक्यात शिरलं बँकॉकला जाताना. आमच्या खानदेशात पाइप, बियाणं, खत विकणाऱ्यांना कंपन्या माल खपवल्याबद्दल परदेशात फिरवून आणतात. गावोगावचे डीलर एका रंगाच्या टोप्या घालून, गळ्यात कंपनीचा पट्टा अडकवून, शेंगदाण्याची चटणी सांभाळत जातात. बापूही गेले. मुंबईच्या विमानतळावर चाळीस डीलरांची रांग लागली होती. तेवढ्यात चुरगळलेल्या शर्टातला एक माणूस बाजूच्या लाल गालिच्यावरून आला आणि काउंटरवरच्या मुलीनं त्याला सगळ्यांच्या आधी पुढं घेतलं. बापूंनी चौकशी केली. मंत्री नाही, आमदार नाही, सासरेबुवाही नाहीत. मग कोण? कळलं, की हा माणूस फार वेळा विमानात बसतो, म्हणून त्याला मान.

“सर, बँकॉक काय बघितलं आठवत नाही,” बापू मला सांगत होते, “पण तो गालिचा डोळ्यांपुढून हलत नाही.”

ज्याला हे हास्यास्पद वाटेल त्यानं खानदेशातलं एक लग्न बघावं. टोपी-टॉवेलाचा आहेर कुणाला आधी, फेटा कुणाला आणि नुसती टोपी कुणाला, पहिल्या पंगतीला कोण, यावरून आमच्याकडे सख्खे भाऊ दहा-दहा वर्षं बोललेले नाहीत. विमान कंपन्यांनी वेगळं काही केलेलं नाही, मानपानाला नंबर लावलेत. चांदीचं कार्ड म्हणजे टोपी, सोन्याचं म्हणजे फेटा आणि प्लॅटिनमवाला म्हणजे रुसलेला थोरला जावई, त्याला हाताला धरून मांडवात आणायचं. 1981 साली अमेरिकन एअरलाइन्सनं अशी मोठी योजना काढली आणि बाकीच्यांनी पाठोपाठ काढल्या. आपल्या एअर इंडियाच्या योजनेचं नाव आता ‘महाराजा क्लब’ आहे. त्यांचा तो पागोटंवाला महाराजा 1946 पासून कमरेत वाकून उभा आहे. राजा असून गिऱ्हाइकापुढं वाकतो! बापूंना यातलं मर्म पहिल्याच दिवशी कळलं.

त्यांचा गुरुमंत्र अमेरिकेतला. तिकडच्या एका इंजिनिअरनं 1999 साली पुडिंगच्या डब्यांवर विमानाचे माइल्स देणारी जाहिरात वाचली, हिशेब केला आणि 12,150 डबे विकत घेतले. खर्च तीन हजार डॉलरच्या जरा वर, मिळकत साडेबारा लाख माइल्स. पुडिंग त्यानं एका धर्मादाय संस्थेला दिलं आणि त्यांच्याच लोकांकडून डब्यांवरची लेबलं काढून घेतली. बापू ही कथा सत्यनारायणाच्या पोथीसारखी सांगतात, मध्ये कुणी उठलेलं त्यांना चालत नाही. वहिनी एकदाच ऐकून म्हणाल्या, “लेबलं काढायला माणसं मिळाली त्याला. इथं तुमच्या पिशव्या मी एकटी धुते.”

पुडिंग धुळ्यात खपत नाही, म्हणून बापूंनी कार्ड धरलं. ज्या कार्डावर खर्च केला की विमानाचे पॉइंट मिळतात असं एक कार्ड त्यांनी काढलं आणि कॉलनीत दवंडी पिटली, की कुणाला मोठी खरेदी असेल तर माझ्या कार्डावर करा, मला रोख द्या. आमचा फ्रिज बापूंच्या कार्डावर आला. समोरच्यांची वॉशिंग मशीन आली. वकिलांच्या मुलीच्या लग्नातला बस्ता त्यांच्याच कार्डावर फाडला गेला आणि नवरी सासरी गेली तेव्हा तिच्या आईच्या खालोखाल बापूंचे डोळे भरून आले.

लोक विचारतात, जळगावला विमानतळ असताना बापू मुंबईला का जातात? जळगाव इथून नव्वदेक किलोमीटर, मुंबई सव्वातीनशे. जळगावचा विमानतळ 2012 साली झाला, उडान योजनेत तिथलं विमान कधी सुरू, कधी बंद असं रडतखडत चाललं आणि 2024 पासून ‘फ्लाय 91’ ची विमानं तिथून गोव्या-हैदराबादला जायला लागली. मी बापूंना मोठ्या उत्साहानं ही बातमी दिली. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

“पंख्याचं विमान, सर. त्यात पुढचा वर्ग नसतो. सगळी एकच पंगत.”

विषय संपला.

या छंदाला वैधव्य फार. किंगफिशर 2012 मध्ये बसली. जेट 17 एप्रिल 2019 ला थांबली. विस्तारा 12 नोव्हेंबर 2024 ला एअर इंडियात विलीन झाली. यातल्या कुणाकुणाची कार्डं बापूंकडे होती ते मी सांगणार नाही, पण ती सगळी जुन्या नोटांसारखी एका पाकिटात आहेत आणि दसऱ्याला शस्त्रांबरोबर पुजली जातात. त्यांच्या मते खरा घाव 2024 च्या एप्रिलमध्ये बसला. त्या महिन्यापासून एअर इंडियानं पॉइंटांचा हिशेब अंतरावरून खर्चावर नेला. परदेशात बड्या कंपन्यांनी हे आधीच केलं होतं. म्हणजे स्वस्तातलं लांबचं तिकीट शोधायची जी विद्या बापूंनी रात्री जागून कमावली होती, ती एका रात्रीत पाण्यात. “आधी चालणाऱ्याला मान होता,” ते म्हणाले, “आता फेकणाऱ्याला.” दोन दिवस जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी वहीचं नवं पान उघडलं.

एकदा मी त्यांच्याबरोबर गेलो. डिसेंबर होता, बापूंना वर्ष संपायच्या आत दोन फेऱ्या कमी पडत होत्या. मी निवृत्त मास्तर, दिल्ली पाहिलेली नव्हती. “चला सर, तिकीट तुमचं, सोबत माझी,” असं म्हणून त्यांनी मला उठवलं. रात्री ट्रॅव्हल्सनं मुंबई, सकाळच्या विमानानं दिल्ली. उतरल्यावर मी बाहेरच्या दाराकडे वळलो, तर बापूंनी कोपर धरलं.

“कुठं?”

“लाल किल्ला.”

“किल्ला साडेतीनशे वर्षं उभा आहे, पळून जात नाही. गेट बंद झालं तर?”

मग आम्ही लाउंजमध्ये गेलो. माझ्या साध्या बँकेच्या कार्डातून दोन रुपये कापून मलाही आत घेतलं. दोन रुपयांत धुळ्यात चहा मिळत नाही, इथं चार प्रकारचे केक होते. बापूंनी केकांकडे बघितलंही नाही. त्यांनी मऊ खुर्ची निवडली, पिशवीतून फडकं काढलं, फडक्यातून कळण्याची भाकरी आणि ठेचा. त्या वातानुकूलित शांततेत ठेच्यातला लसूण असा दरवळला, की शेजारच्या सुटाबुटातल्या गृहस्थानं लॅपटॉप मिटला. मला वाटलं, उठून जाणार. तो म्हणाला, “जळगाव?” बापू म्हणाले, “धुळे.” त्यानं अर्धी भाकरी खाल्ली.

बाहेर धुकं होतं. विमान चार तास लांबलं आणि बापू हरखले. लाउंजमधले चार तास त्यांच्या हिशेबी जमेचे.

गेटवर मशीननं बापूंचा पास लाल दाखवला. मला धस्स झालं. मुलीनं जुना पास फाडला आणि नवा दिला. आसन 2 ए. अपग्रेड! बापूंनी तो पास दोन्ही हातांत घेतला, तीर्थ घेतात तसा. मला 27 बी. विमानात शिरताना हवाई सुंदरीनं कागदावर बघून त्यांचं पूर्ण नाव घेतलं आणि नमस्कार केला. बापूंनी मागं वळून बघितलं, कोण आलंय म्हणून. शाळेचा दाखला निघाल्यापासून ते नाव त्यांना कुणी हाकेला वापरलेलं नव्हतं.

मग पडदा ओढला गेला. ते पलीकडे, आम्ही अलीकडे. विमान वर गेलं, पट्टा बांधायचा दिवा विझला आणि पडद्याच्या फटीतून बापूंचं डोकं आलं. ते सत्ताविसाव्या रांगेपर्यंत चालत आले आणि कानाशी वाकून म्हणाले, “सर, पाणी काचेच्या ग्लासात दिलं.”

गेले. पाच मिनिटांनी पुन्हा आले. “पाय पूर्ण लांब होतात. मी मोजले.”

तिसऱ्यांदा आले तेव्हा जरा उतरलेले होते. “शेजारचा डोळ्यांवर पट्टी बांधून झोपलाय हो. एक शब्द बोलत नाही.” माझ्या शेजारचं 27 ए रिकामं होतं. बापू मला ओलांडून त्यात शिरले, गुडघे पुढच्या पाठीला टेकवले आणि पुढचा वर्ग कसा असतो ते सविस्तर सांगू लागले. रुमाल कापडी आहे. मेनू छापील आहे. बाईनं कोट अडकवून ठेवू का विचारलं, कोट नव्हता म्हणून स्वेटर दिला. पाऊण तास ते बोलत होते. ज्या खुर्चीसाठी वर्षभर मुंबई-दिल्ली केली ती तिकडे रिकामी पडली होती आणि तिचा मालक इकडे अंग चोरून बसून तिचं वर्णन करत होता. शेवटी हवाई सुंदरी आली.

“सर, तुमचं जेवण पुढं थंड होतंय.”

“इकडंच आणा ना, ताई,” बापू म्हणाले. “आणि एक चमचा जास्त.”

नियमात बसत नव्हतं. बापू नाइलाजानं पुढं गेले.

वहिनी या सगळ्यावर फारसं बोलत नाहीत. पण 17 मार्च 2023 ला राज्यातल्या तमाम बायकांना एसटीचं तिकीट अर्धं झालं, त्या संध्याकाळी त्यांनी चहा देता देता विचारलं, “योजनेचं नाव ऐकलं का हो? महिला सन्मान. मी तर एकही फेरी मारली नव्हती.” बापू बशीत चहा ओतत राहिले. वहिनींच्या आईंना तर पंचाहत्तरी झाल्यामुळं सहा-सात महिने आधीपासूनच एसटीत तिकीट लागत नव्हतं. त्या योजनेचं नाव ‘अमृत’. प्लॅटिनमच्याही वरचं. म्हातारी वर्षातून दोनदा शिरपूरला जाते, आणि तेही कुणी ओढून नेलं तर.

यंदा बापू पासष्टचे झाले. म्हणजे एसटीत अर्धं तिकीट. वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी ते मला म्हणाले, “चला सर, साक्रीला जाऊन येऊ.”

“काय काम?”

“काम काही नाही.”

देवपूरच्या स्टँडवरून आम्ही चढलो. एसटीत आमदारांसाठी राखीव अशी पाटी असते, त्या पाटीखालची खिडकी बापूंनी धरली. आधार कार्डाला आदल्या रात्री प्लॅस्टिकचं नवं वेष्टण घातलेलं. ते सोनेरी कार्डाच्या शेजारच्या खणात ठेवलं होतं. कंडक्टर मशीन घेऊन येईपर्यंत त्यांनी दोनदा काढून आत ठेवलं. कंडक्टर आला, त्यानं बापूंच्या डोक्याकडे एकदा बघितलं आणि मशीनची बटणं दाबली. टर्रकन तिकीट निघालं. अर्धं.

बापूंनी कार्ड त्याच्यापुढं धरलं. “आधार.”

“ऱ्हाऊ द्या बापू.”

“अहो, बघा तरी. तारीख बघा.”

“दिखस ना बापू!” असं म्हणून तो मागच्या सीटकडे गेला, आणि बापू हात तसाच पुढं धरून बसले.