आग्रह नाही हं

रविवारी सकाळी दहाला, पोह्यांवर लिंबू पिळायच्या बेताला जी बेल वाजते, ती पावतीकाकांची. तुमच्याकडे त्यांना दुसरं काही म्हणत असतील, पण ते आहेत. गच्चीवर पाण्याची टाकी असते तसे प्रत्येक सोसायटीत असतात. खांद्याला कुठल्याशा पतपेढीच्या वर्धापनदिनाची कापडी पिशवी, पिशवीत पावतीपुस्तक आणि पुस्तकाला सुतळीनं बांधलेलं बॉलपेन. सुतळी का, तर लोक देणगी देत नाहीत ते नाहीत, वर पेन खिशात घालून जातात.

दार उघडलं की पहिलं वाक्य ठरलेलं. "आग्रह नाही हं."

खेड्यापाड्यांतून पुण्यात शिकायला आलेल्या मुलांचं एक वसतिगृह आहे. त्याची खानावळ वर्षभर चालावी म्हणून काकांची ही वणवण. काका आकडा कधीच सांगत नाहीत. पुस्तक मात्र अशा बेतानं उघडतात की शेजाऱ्यांची स्थळप्रत आपल्याला सुलट दिसावी. "तिसऱ्या मजल्यावरच्यांनी अकराशे दिले. उगाच आपलं सांगतो." एकदा मी 'एकशे एक' म्हणालो. काकांनी 'अक्षरी रुपये'पुढे 'एक' लिहिलं आणि पेन थांबवून खिडकीबाहेर पाहू लागले. बराच वेळ पाहत होते. मग म्हणाले, "शंभराला आणि हजाराला शाई सारखीच लागते हो. आग्रह नाही." मी एक हजार एक दिले. पोहे गार झाले ते वेगळंच.

स्थळ-काळाचं त्यांना वावडं नाही. सोसायटीच्या लिफ्टमध्ये एकदा वीस मिनिटं अडकले होते, तर बाहेर पडताना दोन पावत्या फाडूनच आले. त्यातली एक लिफ्ट दुरुस्त करायला आलेल्या माणसाची. कुणी गेलं तर मात्र पथ्य पाळतात. तेराव्यापर्यंत थांबतात. चौदाव्या दिवशी "त्यांच्या स्मरणार्थ..." एवढंच म्हणून फोटोकडे पाहतात. फोटोतल्या माणसालाही आपण देऊन सुटावं असं वाटत असेल.

एका वर्षी मी कायद्याच्या आडोशाला गेलो. ते म्हणाले, "आपल्याला ८०-जी आहे. फक्त दोन हजारांवर रोख देऊ नका, वजावट मिळत नाही." मी विजयी मुद्रेनं म्हणालो, "काका, मी नव्या कररचनेत गेलोय. तिथे ही वजावटच नाही." त्यांचा चेहरा उजळला. "वा! म्हणजे तुमचं दान निरपेक्ष! आता रकमेला बंधनच नाही."

अगदीच कुणी बधेना, की इतिहास काढतात. पैसा फंडानं पैसा-पैसा गोळा करून १९०८ साली तळेगावला काचकारखाना उभा केला, हे सुटे नाहीत म्हणणाऱ्यांसाठी. फर्ग्युसनमध्ये गणित शिकवणारे अण्णासाहेब कर्वे हिंगण्याच्या आश्रमापर्यंत पायी जात, हे लिफ्ट बंद असताना धापा टाकत वर आल्यावर. आणि भाऊराव पाटलांच्या वसतिगृहात धान्य संपलं तेव्हा लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र मोडून मुलांना जेवू घातलं, हे आमच्या हिच्यासमोर. ते सांगताना काकांची नजर सहज हिच्या गळ्याकडे गेली. हिचा हात गळ्याशी. "आग्रह नाही हं," काका घाईघाईनं म्हणाले. हिनं पाचशे दिले. मंगळसूत्र वाचल्याच्या आनंदात असावेत.

तेव्हापासून आम्ही एक युक्ती काढली. दहाची बेल वाजली की टीव्हीचा आवाज बंद. कुणी हलायचं नाही. चमचासुद्धा बशीत टेकवायचा नाही. चार माणसं तोंडात पोहे धरून भिंतीकडे बघत बसायची. दोन मिनिटांनी जिन्यातल्या चपला ऐकू आल्या की गिळायचे.

विश्वस्तांनी काकांना क्यूआर कोडचा पुठ्ठा करून दिलाय. तो पिशवीच्या तळाशी असतो. माझा भाचा जानेवारीत होणाऱ्या मुंबई मॅरेथॉनमध्ये हल्ली धावतो आणि एका संस्थेसाठी लिंक पाठवतो. बेचाळीस किलोमीटर तो धावणार आणि दम माझ्या खात्याला लागणार. मी चार सेकंदांत पैसे पाठवून मोकळा होतो. संस्था अनाथ मुलांची की भटक्या कुत्र्यांची, आज विचाराल तर सांगता येणार नाही. काकांच्या वसतिगृहात मात्र यंदा तूरडाळ कुठल्या भावानं घेतली, तेसुद्धा मला ठाऊक आहे. ऐकून घ्यावंच लागतं.

गेल्या वर्षी काकांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. सोसायटीत हळहळ झाली आणि रविवारचे पोहे गरम खाल्ले गेले. मी भेटायला गेलो, तर उशाखालून पुस्तक निघालं. "चार मजलेच राहिलेत. तुम्ही जाल का? आग्रह..." वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. प्रथमच केलं नाही, म्हणून मी फसलो.

पुस्तकासोबत एक जुनी वही होती. घरांच्या नावांपुढे पेन्सिलीनं बारीक अक्षरांत टिपणं. 'मुलीचं लग्न, यंदा नको.' 'आजी दारात येते, घाई करू नये.' 'बोलतो फार, देतो बरा.' सवयीनं मी आपलं नाव शोधलं. २०२० च्या पानावर, माझ्यापुढे: 'पगार निम्मा. जाऊ नये.' पगार कापल्याचं मी घराबाहेर कुणालाही सांगितलं नव्हतं. त्या वर्षी काका फिरकलेच नाहीत म्हणून आम्ही टाळ्या दिल्या होत्या, तेवढं आठवलं.

दुसऱ्या मजल्यावरची बेल वाजवली. आत कसलासा क्रिकेटचा सामना चालू होता. आवाज एकदम बंद झाला. कुणीतरी "शू" म्हणालं. मी सुतळीचं पेन हातात धरून उभा. दारावर लाभ-शुभ लिहिलेलं, खाली पायपुसण्यावर 'सुस्वागतम'. आत चौघं तोंडात घास धरून बसलेत हे मला इतकं स्पष्ट दिसत होतं, की त्यांना ठसका लागेल या भीतीनं मी निघून आलो.

संध्याकाळी हिशेब द्यायला गेलो. काकांनी नोटा मोजल्या, स्थळप्रती ताडून पाहिल्या आणि विचारलं, "किती ठिकाणी टीव्ही बंद झाला?"

मी गप्प.

"बंद झाला की समजायचं, घरी आहेत. दुसऱ्यांदा बेल मारायची नाही, लोकांना अवघड होतं. पुढच्या रविवारी जायचं." मग उशी पाठीशी सरकवून घेत म्हणाले, "तुमच्याकडे आवाज जातो, पण पंखा फार खडखडतो हो. जिन्यापर्यंत ऐकू येतो. तेल घाला त्याला. आग्रह नाही हं."