संतुलित गृहस्थासाठी नियमावली, तबल्यासह

सदर नियमावली पन्नाशी उलटलेल्या, डोंबिवलीत राहणाऱ्या, फोर्टातल्या बँकेत नोकरी करणाऱ्या, वजन उतरवू पाहणाऱ्या आणि यंदा तबल्याच्या परीक्षेचा फॉर्म भरलेल्या साधकांसाठी आहे. असा साधक सध्या एकच असला तरी नियम सर्वांना लागू राहतील. मसुदा साधकाच्या मेव्हण्याने केला असून साधकाच्या पत्नीने त्याला तोंडी मंजुरी दिली आहे. खुद्द साधकाला तो दाखवलेला नाही.

नियम 1. वेळापत्रक

कोणत्याही संतुलित आयुष्याचा आरंभ एक्सेलच्या तक्त्याने होतो. चालण्याला हिरवा रंग, ऑफिसला राखाडी, आहाराला केशरी, रियाजाला जांभळा आणि ध्यानाला फिका निळा. तक्ता रंगीत प्रिंटरवर छापून फ्रीजच्या दारावर लावावा. काळा-पांढरा छापल्यास सगळे आयुष्य राखाडी, म्हणजे ऑफिसचेच दिसते.

या तक्त्यात पुढील बाबींना रांग नाही: नळाला पाणी येण्याची वेळ, गॅस सिलिंडर, दळण, मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर आईच्या डोळ्यांत दिवसातून चारदा घालायचे थेंब, आणि वाटेत भेटलेल्या माणसाशी बोलणे. ही कामे तरीही रोज होतात. ती कोण करते, हा विषय तक्त्याच्या कक्षेबाहेरचा असल्याचे साधकाने कळवले आहे.

नियम 2. चालणे

रोज दहा हजार पावले चालावीत, असे साधक सर्वांना सांगायचा. हा आकडा वैद्यकशास्त्रातून आला, अशी त्याची समजूत होती. प्रत्यक्षात 1964 च्या टोकियो ऑलिम्पिकनंतर जपानमध्ये व्यायामाचे वारे होते, आणि 1965 मध्ये यामासा नावाच्या कंपनीने पावले मोजणारे यंत्र बाजारात आणताना हा गोल आकडा पुढे केला. साठ वर्षांपूर्वीच्या त्या जाहिरातीपायी भाऊजी, म्हणजे हाच साधक, रात्री साडेअकराला बेडरूममधून बाल्कनीत आणि बाल्कनीतून बेडरूममध्ये फेऱ्या मारू लागले. खालच्या मजल्यावरचे लोक सुसंस्कृत आहेत, म्हणून बरे.

2019 मध्ये हार्वर्डच्या आय-मिन ली आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या सुमारे सतरा हजार वयस्क स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सरासरी वय 72. रोज साधारण 4400 पावले चालणाऱ्यांतही मृत्यूचे प्रमाण अगदी कमी चालणाऱ्यांपेक्षा बरेच कमी दिसले. हा फायदा 7500 पावलांच्या आसपासपर्यंत वाढत गेला आणि पुढे सपाट झाला. मेव्हण्याने ही बातमी आनंदाने कळवली. साधकाने ती ऐकून कागद-पेन्सिल मागितली आणि वेगळीच अडचण काढली. दहा हजार भागिले सोळा म्हणजे त्रितालाची बरोबर 625 आवर्तने. 7500 ला मात्र सोळाने पूर्ण भाग जात नाही, चाल मध्येच तुटते. 469 आवर्तने पुरी करायला 7504 पावले लागतात, आणि समेवर, म्हणजे पुढच्या आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, यायला आणखी एक. तेव्हापासून साधक रोज 7505 पावले चालतो.

हे सगळे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. मिनिटाला साधारण शंभर पावले हा वेग प्रौढांसाठी मध्यम दर्जाचा व्यायाम मानला जातो. दर पावलाला एक मात्रा धरली तर ती बरी मध्यलय होते, घड्याळ बघावे लागत नाही आणि दम किती लागला हे बोल तोंडाने म्हणताना आपोआप कळते. त्यातली एक खोच भाऊजींनीच शोधून काढली. सोळा मात्रा सम संख्येच्या, त्यामुळे त्रितालात सम नेहमी एकाच पायावर येते. दोन्ही गुडघ्यांना न्याय हवा असेल तर रूपक ताल घ्यावा. सात मात्रा विषम असल्याने सम एकदा उजव्या, एकदा डाव्या पायावर पडते. पण रूपकात समेवरच खाली, म्हणजे टाळीऐवजी हात उलटा करायची मात्रा, असते. म्हणून दर सातव्या पावलानंतर भागशाळा मैदानात एक गृहस्थ हात हवेत उलटा करताना दिसतात. ओळखीचे लोक त्यांना परत नमस्कार करतात.

नियम 3. आहार

महाराष्ट्रात आहाराचे दोन मोठे पंथ आहेत. डॉ. श्रीकांत जिचकारांच्या विचारावर उभी असलेली डॉ. जगन्नाथ दीक्षितांची पद्धत सांगते की कडक भूक लागेल तेव्हा, दिवसातून दोनदाच, प्रत्येक वेळी 55 मिनिटांच्या आत जेवावे आणि 45 मिनिटांत साडेचार किलोमीटर चालावे. ऋजुता दिवेकर सांगतात की उठल्यावर चहाआधी काहीतरी खावे, दर दोनेक तासांनी थोडे थोडे खावे, हंगामातले आणि आपल्या मुलखातले खावे, तुपाला घाबरू नये. दोन्हींचे अनुयायी लाखांत आहेत.

साधकाने कोणाचाही अवमान होऊ नये म्हणून दोन्ही पद्धती एकदम स्वीकारल्या. दीक्षितांची दोन जेवणे आणि मधल्या वेळात दिवेकरांचे थोडे थोडे. तूप दोन्हीकडे.

पुढे साधक एकट्या दीक्षितांवर स्थिरावला. मात्र 55 मिनिटांचा अर्थ त्याने बँकेतल्या माणसाला शोभेल असा लावला. मुदत संपेपर्यंत व्यवहार चालू राहतो. चोपन्नाव्या मिनिटाला उठून चिवड्याचा डबा उघडणारा माणूस या पद्धतीच्या प्रवर्तकांच्या डोळ्यांसमोर नसावा.

एकादशीला दोन्ही पंथ स्थगित राहतात. साबुदाणा हा दक्षिण अमेरिकेतून आलेल्या एका कंदाचा जवळजवळ निव्वळ स्टार्च. त्यावर दाण्याचे कूट, तूप आणि बटाटा. खिचडीची वाटी दुसऱ्यांदा पुढे करताना साधक ‘उपासाला चालतं’ असे म्हणतो आणि त्यावर वाद घालण्याची घरात कुणाचीच प्राज्ञा नाही.

नियम 4. ऑफिसातला पेढा

घ्यावा. नाही म्हटले तर कारण सांगावे लागते, कारण सांगितले की समोरचा स्वतःच्या साडूचे डाएट सांगतो आणि त्यात अर्धा तास जातो. पेढा डब्यात टाकून घरी आणावा. डबा ठाण्याच्या अलीकडे उघडू नये.

नियम 5. भाकरी

साधकाने पोळी सोडून भाकरी धरली, हे चांगलेच झाले. ती स्वतः करायची घोषणाही केली. त्यानंतर पंधरवडाभर घरात जे गोल, चौकोनी व त्रिकोणी पदार्थ तयार झाले ते पाहून शेवटी ताई, म्हणजे साधकाची पत्नी, ओट्याशी आली. तिने जे सांगितले ते इथे जसेच्या तसे नोंदवणे भाग आहे, कारण या संपूर्ण नियमावलीत खात्रीने उपयोगी पडणारा मजकूर एवढाच आहे.

ज्वारीचे पीठ ताजे दळलेले हवे. जुने झाले की त्याची विरी जाते आणि थापताना कडा चिरतात. ज्वारीत गव्हासारखे ग्लुटेन नाही, म्हणून पीठ बांधून ठेवायचे काम कढत पाण्याने करायचे. एका वेळी एकाच भाकरीपुरते पीठ मळायचे, तळहाताच्या टाचेने परातीत रगडून रगडून मऊ करायचे. थापताना खाली कोरडे पीठ भुरभुरायचे. तव्यावर टाकताना पिठाची बाजू वर येऊ द्यायची, तिच्यावरून पाण्याचा हात फिरवायचा आणि ते पाणी पुरते सुकायच्या आत उलटायचे. सुकले तर तडे जातात आणि मग फुगायची आशा सोडायची. दुसरी बाजू तव्यावर नीट भाजून झाली की पहिली थेट आचेवर.

साधकाने हे सर्व एक्सेलमध्ये उतरवून घेतले. पाण्याचे तापमान किती अंश, हा प्रश्न त्याने विचारला. ताईने त्याचा हात वाफेवर धरला.

नियम 6. छंद

छंद हा नोकरीला पूरक असावा. वसंतराव देशपांडे अनेक वर्षे लष्कराच्या हिशेब खात्यात नोकरी करत होते, हे साधक ऑफिसात वारंवार सांगतो. त्याच्या साहेबांनी एकदा विचारले, ‘त्यांचे हिशेब जुळायचे का?’ तेव्हापासून तो दुसरे उदाहरण शोधतो आहे.

दुसरे उदाहरण डॉ. अनिल अवचटांचे. पुण्यात 1986 मध्ये पत्नी डॉ. सुनंदा यांच्याबरोबर मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र उभे करणारा, लेखांसाठी गावोगाव हिंडणारा हा माणूस लाकडात शिल्पे कोरायचा, कागदाची ओरिगामी करायचा, बासरी वाजवायचा, स्वयंपाक करायचा. ‘छंदांविषयी’ हे त्यांचे पुस्तक साधकाकडे आहे. त्यात कुठेही तक्ता नाही, असे मेव्हण्याने नम्रपणे निदर्शनास आणून दिले.

साधकाने फॉर्म भरला आहे ती अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाची पहिली परीक्षा, नाव प्रारंभिक. तिला बसणारे बहुतेक परीक्षार्थी चौथी-पाचवीतले असतात. केंद्रावर साधकाला पालक समजून बाहेरच्या बाकावर बसवले जाण्याची शक्यता असल्याने प्रवेशपत्र हातात ठेवावे.

रियाजाबाबत. रोज वीस मिनिटे, संथ लयीत, हात उचलायची उंची सारखी ठेवून. रविवारी सलग तीन तास बडवल्याने मनगट दुखते आणि शेजारी दुखावतात. पावसाळ्यात पुडी ओल धरते, सूर उतरतो. गठ्ठे हलक्या हाताने ठोकावेत आणि रागाच्या भरात तर मुळीच ठोकू नयेत. शाईला घामाचा हात लावू नये, बोटांना पावडर लावावी. पावडर जेवणाच्या टेबलावर सांडू नये. जेवणाच्या टेबलावर मुळात वाजवूच नये, भाऊजी. आमटी सांडते.

परीक्षेत ठेका हातावर टाळी देऊन म्हणून दाखवावा लागतो, दुगुनीत म्हणजे दुप्पट लयीतही. याला तबला लागत नाही, खोली लागत नाही, काळी चार लागत नाही. लोकलमध्ये उभ्याने हा अभ्यास होतो. फक्त खालीला हात उलटा करताना शेजारच्याच्या चष्म्याचा अंदाज घ्यावा.

नियम 7. आदर्श पुरुष

प्रत्येक साधकाला एक आदर्श लागतो. या साधकाचा आदर्श औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी. हे औंध पुण्याचे नव्हे, साताऱ्याकडचे. 1909 मध्ये गादीवर आलेला हा राजा रोज सूर्यनमस्कार घालायचा, संस्थानातल्या शाळांतून पोरांना घालायला लावायचा आणि त्यावर पुस्तकेही लिहायचा. तो स्वतः चित्रे काढायचा, ‘चित्ररामायण’ त्याचेच. कीर्तनाला उभा राहायचा. 1910 मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांना त्याने कारखान्यासाठी माळ दिला, तिथे किर्लोस्करवाडी झाली. 1938 मध्ये औंधला त्याने संग्रहालय उघडले, ते आजही बघता येते. एवढे करून राज्यकारभारही प्रजेच्या हाती सोपवला.

कामकाज, आहार, व्यायाम, कला, सगळे एका माणसात. साधकाने राजांचे छायाचित्र तक्त्याशेजारी लावले आहे. ताईने ते पाहून एवढेच विचारले की राजेसाहेबांच्या घरी मेथी कोण निवडायचे.

नियम 8. ध्यान

इगतपुरीला विपश्यनेचे दहा दिवसांचे शिबिर असते. तिथे मोबाइल जमा करतात, मौन पाळतात आणि संगीत चालत नाही. साधकाने चौकशी केली. विषय संपला.

नियम 9. लोकल

डोंबिवलीहून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला फास्टने तासाच्या वरखाली लागतात. साधकाच्या तक्त्यात ही वेळ ‘प्रवास’ या नावाने राखाडी दाखवली आहे. त्याच गाडीच्या लेडीज डब्यात ताई असते. तिथे कुणी गवार मोडते, कुणी मटार सोलते, कुणी परवाच्या हळदीकुंकवाचा हिशेब करते; चौथ्या सीटवर बसू न शकलेली उभ्याने अभंगाला टाळ धरते. मध्य रेल्वेच्या डब्यांतली भजनी मंडळे जुनी आहेत आणि त्यांना परीक्षा नसते. ताई भाजी निवडते, ठाण्यापर्यंत गाते, मुलुंडनंतर झोपते आणि दादरला उतरून ऑफिसपर्यंत चालत जाते. पावले मोजत नाही.

तिला या सगळ्याला काय म्हणतात असे विचारले, तर ती म्हणते, ‘ही गाडी चुकली की मग काय करणार?’ प्रश्न नीट पोचला नाही, असे समजून मेव्हण्याने पुन्हा विचारला नाही.

नियम 10. परीक्षेचा दिवस

सत्र नोव्हेंबर-डिसेंबरचे, म्हणजे फराळानंतरचे. त्या दिवशी साधकाने 55 मिनिटे वगैरे न बघता वरणभात खाऊन निघावे. रिकाम्या पोटी हात थरथरतो. आदल्या रात्री बेडरूम ते बाल्कनी फेऱ्या बंद.

लेहऱ्याची, म्हणजे ठेक्याबरोबर फिरत राहणाऱ्या सुरावटीची, साथ मोबाइलवरच्या अ‍ॅपने करण्याचा साधकाचा बेत आहे. तो रद्द समजावा. ताईने लग्नाआधी पेटीच्या चार परीक्षा दिल्या आहेत, हे साधकाला लग्नात सांगितले होते, पण तेव्हा तो पंगतीत होता. गेल्या आठवड्यापासून ती रात्री साडेनऊला लेहरा धरते आणि भाऊजी दुगुनीत घुसले की पेटी थांबवून ‘परत’ म्हणते. भाऊजी परत घेतात. पेटीचा भाता फुटला होता, तो दुरुस्त करून आणला आहे. त्याचे 1850 रुपये मेव्हण्याने भरले असून पावती फ्रीजवर, राजेसाहेबांच्या खाली लावली आहे. महिनाअखेरपर्यंत द्यावेत.