गरिबाचा ठोका

पहिलं ड्रम मशीन घ्यायचं ठरलं की माणूस संगीतकार व्हायच्या आधी संशोधक होतो. ॲनालॉग की सॅम्पल, आउटपुट किती, स्विंग कसा? व्हिडिओंचा फडशा पडतो, ठोका मात्र एकही पडत नाही. आणि मनात भरलेलं असतं ते रोलंडचं टीआर-८०८च.

१९८० साली हे यंत्र आलं तेव्हा लिन एलएम-१ या महागड्या ड्रम मशीनपुढे ते गरिबाचंच होतं. खऱ्या ड्रमसारखं वाजत नाही म्हणून जाणकारांनी नाकं मुरडली. १९८३ मध्ये उत्पादन बंद. मग सेकंडहँड बाजारात पडेल भावात ते कडक्या पोरांच्या हाती लागलं आणि हिपहॉप, टेक्नोने त्यावर बस्तान बसवलं. आता त्याच यंत्राला सोन्याचा भाव! मुंबईच्या चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये त्याच्या ठेक्यावर दहा राग रेकॉर्ड केले, तेही डिस्कोच्या ढंगात. तेव्हा त्या रेकॉर्डला कुणी फारसं विचारलं नाही. रसिक नेहमीच उशिरा येतात.

८०८ परवडणार नसेल, तर तुम्ही आपलं वापरलेलं कॉर्ग व्होल्का बीट्स बघा. सहा पेन्सिल सेलवर चालतं. स्नेअर पिचका आहे, पण बेस ड्रम दमदार. तोच निवडून सोळा पायऱ्यांपैकी १, ५, ९ आणि १३ दाबा. हाऊस म्युझिकचा पाया एवढाच असतो.