लेथवर उजेड पाडण्याची शास्त्रोक्त पद्धत

लाकूड कातायचे लेथ घरात येण्याचा क्रम ठरलेला आहे. आधी लेथ, मग पटाश्या, मग चक, मग घरच्यांची बोलणी. दिव्याचा विचार सगळ्यात शेवटी, म्हणजे पहिले लाटणे एका बाजूला फुगलेले निघाल्यावर होतो. हैदराबादच्या नामपल्लीतल्या हौशी कातार्‍याचे त्यातल्या त्यात बरे. ट्रूप बाजार त्याला जवळ आहे आणि तिथे दिव्यांच्या दुकानांना तोटा नाही. अडचण एवढीच, की दुकानात सगळे दिवे एकदम पेटलेले असतात आणि त्या लखलखाटात कुठलाच दिवा वाईट ठरत नाही. म्हणून पुढील पायर्‍या क्रमाने चढाव्यात.

पायरी पहिली : छतावर विसंबू नये. ‘वर ट्यूब आहे की, आणखी दिवा कशाला?’ असा प्रश्न घरातून येणारच. कातार्‍याने वाद न घालता लेथवर वाकून दाखवावे. ट्यूब पाठीमागे राहते आणि डोक्याची सावली नेमकी पटाशीच्या टोकावर पडते. एवढ्याने भागले नाही, तर भौतिकशास्त्र काढावे. दोन मीटरवरचा बल्ब अर्ध्या मीटरवर आणला, तर लाकडावर सोळापट उजेड पडतो, वीजबिल मात्र तेवढेच. शेवटचा उपाय कायद्याचा. 2025 पर्यंत लागू असलेल्या कारखाना अधिनियम, 1948 च्या कलम 17 नुसार कामाच्या जागी पुरेसा उजेड असणे, डोळे न दिपणे आणि डोळ्यांना ताण देणारी सावली नसणे बंधनकारक होते. त्याच कलमात खिडक्यांच्या काचा आतून-बाहेरून स्वच्छ ठेवाव्यात असेही म्हटले होते. हे वाक्य मोठ्याने वाचू नये. बाल्कनीच्या काचांवर भुशाचा थर असतो आणि फडके कोणाच्या हाती येईल हे उघड आहे.

पायरी दुसरी : दिवा लुकलुकतो का, ते पाहावे. ही पायरी गंमत म्हणून वाचू नये. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे जुनी चोकवाली ट्यूब सेकंदाला शंभर वेळा मंद-प्रखर होते. डोळ्यांना ते कळत नाही, लेथला कळते. लेथ मिनिटाला 1500 फेर्‍यांनी फिरत असेल, तर सेकंदाला 25 फेर्‍या होतात, म्हणजे दर लुकलुकीला बरोबर पाव फेरी. लाकूड कातायच्या लेथच्या चकला, म्हणजे लाकूड पकडणार्‍या भागाला, बहुधा चार जबडे असतात. एकाच्या जागी दुसरा येऊन उभा राहतो आणि जोरात फिरणारा चक थांबल्यासारखा भासू शकतो. चौकोनी ठोकळ्याचेही तेच. थांबलेल्या चकला हात लावायचा मोह कुणालाही होतो, फिरणारा चक त्याची भीड ठेवत नाही. जुन्या कारखान्यांत यासाठी शेजारशेजारच्या ट्यूब वेगवेगळ्या फेजवर जोडत. एलईडी घेतला म्हणून सुटका नाही, स्वस्त ड्रायव्हरचा एलईडीही तितकाच लुकलुकतो. दुकानात मोबाइलचा कॅमेरा दिव्याकडे धरावा. पडद्यावर काळे पट्टे सरकू लागले, तर दिवा खाली ठेवावा. दुकानदार म्हणेल, ‘‘हौ साब, मोबाइल खराब है आपका.’’ त्याच मोबाइलने त्याचा दुसरा दिवा पाहावा.

पायरी तिसरी : दिवा कुठे धरायचा. इथे कातार्‍याने आपला स्वभाव आधी ओळखावा. ज्याला निव्वळ समाधान हवे, त्याने दिवा बरोबर समोर, डोक्यावर टांगावा. समोरच्या उजेडात काचपेपरचे ओरखडे बुजतात, वाटी गुळगुळीत दिसते, चार दिवस मजेत जातात. ज्याला वाटी खरोखर गुळगुळीत हवी, त्याने दिवा बाजूने, लाकडाला जवळजवळ घासून जाईल असा तिरपा ठेवावा. मग प्रत्येक ओरखड्याला स्वतःची सावली पडते आणि संपले वाटलेले काम पुन्हा जाड काचपेपरपासून सुरू होते. पाहुण्यांना वाटी दाखवताना अर्थातच पहिली पद्धत वापरावी.

पायरी चौथी : रंग. नामपल्लीकराला याचे शिक्षण दरवर्षी फुकट मिळते. 1938 मध्ये पब्लिक गार्डन्समध्ये सुरू झालेली नुमाइश, म्हणजे मोठे प्रदर्शन, 1946 पासून नामपल्लीच्या मैदानावर भरते, एरवी 1 जानेवारी ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत. तिथले दिवे माल विकण्यासाठी असतात, लेथवरचा दिवा माल नाकारण्यासाठी. रंगीत लाखकामाचेच घ्या. एटिकोप्पाका आणि चन्नपट्टणचे कारागीर काळ्या कुड्याचे मऊ लाकूड कातून, फिरत्या लाकडावरच रंगीत लाखेची कांडी दाबतात. घर्षणाने लाख वितळते, मग केवड्याच्या पानाने तिला चकाकी आणतात. असे काम पिवळ्या 2700 केल्विनच्या दिव्याखाली केले, तर पांढरा आणि फिका पिवळा सख्खे भाऊ वाटतात, गडद निळा काळ्यात जमा होतो. 4000 केल्विनच्या आसपासचा दिवा घ्यावा आणि खोक्यावर सीआरआय, म्हणजे रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, 90 किंवा वर आहे का पाहावे. ‘‘सीआरआय?’’ असे दुकानदाराने उलट विचारले, तर पुढच्या दुकानात जावे.

पायरी पाचवी : पोटात उजेड. खोल भांडे आतून कोरताना कडेचा दिवा तळापर्यंत पोहोचत नाही. लवचीक मानेचा छोटा एलईडी तोंडाशी वाकवावा. ओले लाकूड पातळ कातणारे तर दिवा पलीकडून धरतात, भिंत पातळ होत जाते तसा उजेड लाकडातून झिरपू लागतो आणि त्याच्या रंगावरून जाडी समजते. हॅलोजनचा दिवा इथे नको. तो तापतो, आणि खाली साठलेला कोरडा भुसा पेट घ्यायला टपलेलाच असतो.

पायरी सहावी : खरेदी. एवढा अभ्यास झाल्यावर कातारी परदेशी, तीन सांध्यांचा, महागडा दिवा मागतो. त्याच्या कामाचा दिवा शिलाई मशीनचे सामान विकणार्‍याकडे असतो. चुंबकाच्या बुडाचा, लवचीक मानेचा एलईडी लेथच्या बिडाच्या बेडला चिकटतो. फक्त थरथरीने तो घसरत नाही ना, हे लेथ सुरू करून तपासावे आणि वायर चकपासून लांब, मागच्या बाजूने न्यावी. असे दोन घ्यावेत, एक तिरपा धरायला आणि एक भांड्याच्या पोटासाठी. घरात शिलाई मशीन असेल, तर तीन घ्यावेत आणि तिसरा स्वतःहून आधी तिकडे लावून द्यावा.